युद्धात पडलेल्या शिपायाचं नाव कवितेत कुठे असतं?

मेघना_वाई

पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांना ज्या सांकेतिक निरोपातून कळली असं सांगतात, तो आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. आणि १४ जानेवारी १७६१ ला त्या मैदानात पडलेली बाकीची हजारो माणसं? ती खुर्दा. वाक्याला विलक्षण लय आहे, ते कानातून जात नाही, आणि नेमकं म्हणूनच मला ते टोचत राहतं.

साताऱ्याकडे आणि कोकणात कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली सापडते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे, नाव एकही नाही. आमच्या भागातल्या एका पाटीवर भिंतीबरोबर ऑइलपेंटचे हात बसत गेलेत. अक्षरांच्या खाचा भरून गेल्यात, त्यामुळे मेलेल्यांचा आकडा मला बोटाने चाचपून वाचावा लागला. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने तर पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं, स्मारक झालं, आजही घरटी कुणीतरी फौजेत असतं. पण त्या ४६ जणांवर एखादी कविता आहे का?

कुसुमाग्रजांच्या दोन कविता आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि सहा जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्यावरची 'सात', आणि 'अनामवीरा'. दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत. तरी मनात येतं की पहिलीत सातांपैकी कुणाचंच नाव येत नाही, आणि दुसरी तर सुरूच होते नाव नसण्यापासून. आपण शिपायाला आठवतो तेव्हा त्याचं नाव वगळूनच का आठवतो? कवितेला नावाची अडचण होते का?

मला 'दहा उत्कृष्ट वीरकाव्ये' अशी यादी नको आहे. पडलेला शिपाई जिथे माणूस म्हणून दिसतो अशा कविता, ओव्या, पोवाडे, शिलालेख, काहीही सांगा. कुठल्याही भाषेतलं चालेल.

पोवाडाप्रेमी

मेघनाताई, फार चांगला धागा. एक आठवण करून देतो. नावं घेणं ही आपल्या शाहिरांची जुनीच रीत आहे. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा घ्या किंवा तुळशीदासाचा सिंहगडाचा. शाहीर माणसं नावानिशी उभी करतो, त्यांना बोलायला लावतो. तानाजीच्या घरचं लग्न, शेलारमामाचं वय, हे सगळं पोवाड्यात येतं, कारण समोर बसलेल्यांना ती माणसं आपल्यातली वाटायला हवी असतात. नाव गाळायची सवय नंतरची असावी. भावगीत आलं, रेडिओ आला, तीन मिनिटांत सगळं बसवायचं झालं, तेव्हा 'वीर' हा एक शब्द सगळ्यांना पुरायला लागला.

आणि अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला तो १९४३ साली, वाटेगावचा माणूस व्होल्गाकाठच्या लढाईवर! दूरच्या शिपायालाही आपला म्हणता येतं, याचं त्याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. कवितेतलं मला फार कळत नाही, पण स्मरणाचं थोडं सांगू शकतो.

पलटणीत गेलेल्या माणसाचं नाव कधीच जात नाही. युनिटच्या स्मारकावर ते असतं, नंबर आणि हुद्द्यासकट. स्थापना दिवसाला तिथे पुष्पचक्र ठेवतात, 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो, बंदुकीचं तोंड खाली जातं, बिगुलर लास्ट पोस्ट वाजवतो. त्या दोन मिनिटांत कोणी भाषण करत नाही, कविता म्हणत नाही. नवीन भरती झालेलं पोरगं त्या यादीत आपल्या तालुक्याचं नाव शोधतं. हे मी खूप वेळा पाहिलं.

नागालँडला पोस्टिंग होती तेव्हा कोहिमाची सिमेट्री पाहिली, दुसऱ्या महायुद्धातली. तिथे एका दगडावर जे कोरलंय ते सगळ्यांना माहीत आहे. घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा, म्हणा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. जॉन मॅक्सवेल एडमंड्स नावाच्या इंग्रज पंडिताच्या ओळी म्हणतात. लोक त्या दगडापाशी फोटो काढून निघून जातात. वरच्या बाजूला दुसरं एक स्मारक आहे, दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांचं. ९१७ नावं आहेत त्यावर. मी तिथे जास्त वेळ थांबलो. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला आमच्या रेजिमेंटची चौथी बटालियन जपान्यांना अडवून बसली होती. ते सहा-सात दिवस मिळाले म्हणून कोहिमा-इंफाळला तयारीला वेळ मिळाला, असं आम्हाला शिकवलं. कविता कोहिमाच्या दगडावर आहे. सांगशाकचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की नाव दगडावर असावं आणि कवितेत जागा मोकळी असावी. ज्याचं कोणी गेलं तो त्या जागेत आपलं नाव भरतो.

अनिकेत_ग्रंथघर

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कोहिमाच्या ओळींना एक फार जुना पूर्वज आहे. इ. स. पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन सैनिकांसाठी लिहिलेला दोन ओळींचा लेख, सिमोनिडीस या कवीच्या नावावर सांगितला जातो. वाटसरू, स्पार्टाच्या लोकांना सांग की त्यांचा शब्द पाळून आम्ही इथे पडलो आहोत. मेलेला बोलतो आणि वाटसरूला निरोप्या करतो. अडीच हजार वर्षं हाच साचा चालत आलाय.

पण मला या साच्याबद्दलच बोलायचं आहे. मेलेल्याच्या तोंडी शब्द घालणं फार सोपं असतं, कारण तो 'मी असं म्हणालो नाही' म्हणायला येत नाही. म्हणून मला पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन जवळचा. त्याने होरेस या रोमन कवीची ओळ घेतली, देशासाठी मरणं गोड आणि शोभून दिसणारं असतं ही, आणि तिच्याखाली विषारी वायूने गुदमरणारा एक सैनिक ठेवला. मास्क वेळेत चढवता न आलेला, हिरवट धुक्यात समुद्रात बुडावं तसा बुडणारा, गाडीत टाकल्यावर फुप्फुसातून फेसाळ रक्त ओकणारा. ते पाहिलं असतंस तर मित्रा, तू पोरांना हे जुनं असत्य इतक्या उत्साहाने सांगितलं नसतंस, असं तो शेवटी म्हणतो. ओवेन घरी बसून लिहिणारा नव्हता. ४ नोव्हेंबर १९१८ ला एक कालवा ओलांडताना तो मारला गेला, वय २५. युद्ध थांबायला एक आठवडा उरला होता. ११ तारखेला विजयाच्या घंटा वाजत होत्या तेव्हा त्याच्या आईच्या हातात तार पडली.

त्याच्या आईने १९२० साली रवींद्रनाथांना पत्र लिहिलं होतं. शेवटचा निरोप घेताना मुलाने गीतांजलीतली ओळ म्हटली होती, जाताना हाच माझा शेवटचा शब्द असू दे, या अर्थाची. आघाडीवरच्या इंग्रज पोराच्या ओठांवर ठाकूरांची ओळ होती, आणि त्याच सुमारास आपली कितीतरी माणसं फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुणाच्याच ओळीत न येता मरत होती.

आपल्याकडे शौर्याच्या कवितांची कमतरता नाही. मरण कसं येतं हे न लपवणारी मराठी कविता मात्र मला फार थोडी भेटते. स्मरण प्रामाणिक व्हायचं असेल तर ती आधी हवी, नावाचं नंतर बघू.

रेवती_कोल्हापूर

अनिकेत, मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगते.

माझे काका १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर गेले. काकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. दरवर्षी गावात कार्यक्रम होतो, शाळेची मुलं बसवतात, निवेदक शेरोशायरी म्हणतो, 'रक्ताचं शिंपण', 'मातीचं ऋण' सगळं होतं. काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतात, शाल-नारळ घेतात, हात जोडतात. घरी आल्यावर एकदा म्हणाल्या, "एवढी कविता म्हटली, पण त्यांना विहिरीत सूर मारायचा नाद होता हे कुणाला तरी ठाऊक आहे का?" आणि मग रात्री उशिरापर्यंत सांगत बसल्या. काका वरच्या कठड्यावरून उडी टाकायचे. आत्याबाई ओरडायच्या. सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी घरात न जाता आधी विहिरीवर जायचे, बूट काठावर काढून. ते बूट कुणी उचलू नयेत म्हणून लहान दिराला राखणीला बसवायचे.

काकूंसमोर वायूने गुदमरणारा सैनिक ठेवून काय साधणार? त्यांच्या मनात तो प्रसंग इतकी वर्षं रोज येऊन जातो. त्यांना मरणाचा तपशील नकोय, जगण्याचा हवाय. शौर्याची कविता आणि युद्धाच्या भीषणतेची कविता, दोन्हींमध्ये माझे काका फक्त मरताना दिसतात. सव्वीस वर्षं ते जगले, ती कुठे गेली?

अनिकेत_ग्रंथघर

रेवतीताई, हे मी मनावर घेतो. काकूंना नमस्कार सांगा. तुमच्या विहिरीच्या चार वाक्यांत जे आलं ते मी म्हणतो त्या कवितांत येत नाही, हे खरं आहे. तरी माझा आग्रह मी सोडत नाही. जी मुलं त्या कार्यक्रमात टाळ्या वाजवतात, त्यांच्यासाठी ओवेन हवा.

वृंदा_ससेक्स

ब्राइटनजवळ राहते, म्हणून इथलं सांगते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय शिपायांसाठी इथला रॉयल पॅव्हेलियन, तो घुमटांचा राजवाडा, इस्पितळ केला होता. जे वाचले नाहीत त्यांच्यातल्या हिंदू आणि शिखांचं दहन गावाबाहेर टेकड्यांवर, पॅचमच्या वर झालं. एकूण ५३ जण. त्या जागी संगमरवरी छत्री उभारली, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. तिला इथले इंग्रज लोकही 'छत्री'च म्हणतात. दरवर्षी जूनमध्ये तिथे लोक जमतात. गाडी खाली लावून मेंढ्यांच्या कुरणातून चढत जावं लागतं.

मुद्दा असा की छत्रीवर नावं नव्हती. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं सरकारदप्तरी होती, पण दगडावर यायला २०१० साल उजाडलं. तेव्हा शेजारी वेगळी शिळा बसवून ती कोरली. जवळजवळ नव्वद वर्षं लोक तिथे 'भारतीय शिपायांना' आदरांजली वाहत होते, आणि नंतर एका वर्षी अचानक माणसांना वाहू लागले. फरक पडतो हो. शिळेपुढे उभी राहून मी ती नावं ओठांनी वाचते, आणि प्रत्येक नावाला कुठलातरी जिल्हा, कुठलीतरी बोली चिकटून येते.

या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं इंग्रज सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली, म्हणून त्यांतली बरीच आज वाचायला मिळतात. मला ती कवितेपेक्षा कमी वाटत नाहीत. एका जखमी शिपायाने लिहिलं की हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितलं तसं. सेन्सॉर चुकवण्यासाठी काही जण मिरीची भाषा वापरत. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतायत, असं घरी कळवायचं. वाण्याच्या यादीसारखं वाक्य, आणि आत केवढी माणसं!

सुलेखा_नागपूर

वाचतेय. वृंदाताई, मिरीचं वाचून अंगावर काटा आला.

सरोजिनी नायडूंची 'द गिफ्ट ऑफ इंडिया' इथे यायलाच हवी. १९१५ मधली, हैदराबादच्या स्त्रियांच्या युद्धमदत संस्थेसाठी लिहिलेली. भारतमाताच त्यात बोलते. परक्या थडग्यांत माझी मुलं मोत्यांसारखी वेचून ठेवली आहेत, पर्शियाच्या लाटांकाठी निजली आहेत, इजिप्तच्या वाळूत शिंपल्यांसारखी विखुरली आहेत, फ्लँडर्स आणि फ्रान्सच्या कुरणांत फुलांसारखी पसरली आहेत, असं ती म्हणते. मेघनाताईंनी पानिपतच्या निरोपापासून सुरुवात केली, म्हणून हे लक्षात आलं. तिथे मोती होण्याचा मान दोघांनाच मिळाला होता. सरोजिनीबाईंनी खुर्द्यातल्या प्रत्येकाला मोती केलं. अर्थात त्यांच्या कवितेतही नाव नाहीच. पण शिपाई मेल्यावर कुठे कुठे पडला, हे तरी त्या कवितेत आहे, एकेक किनारा धरून.

मेघना_वाई

सुलेखा, हे मला सुचलं नव्हतं. मनापासून आभार.

बंदरावरचा

मी काही वर्षं दक्षिण इराकमध्ये तेलाच्या प्रकल्पावर होतो. सरोजिनीबाईंची ती पर्शियाची लाट वाचली म्हणून लिहितो.

मेसोपोटेमियाची मोहीम म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या माणसांची मोहीम. टायग्रिसकाठच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज सहावी पूना डिव्हिजन होती. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. शेवटी घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी ते खायला नकार दिला. अन्न संपलं आणि सुमारे तेरा हजार जण शरण गेले. त्यानंतर वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत किती मेले ते वेगळंच. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' किताब मिळाला तो याच मोहिमेतल्या कामगिरीसाठी.

बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची आठवण आहे. गोऱ्यांची नावं, साध्या सोल्जरचीसुद्धा. भारतीयांमध्ये अधिकाऱ्यांची नावं. भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्येने. म्हणजे मेघनाताईंच्या गावच्या पाटीवर आकडा, आणि जिथे तो मेला तिथेही आकडाच. मधे कुठेच माणूस नाही. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने बंदराजवळून हलवून दूर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं.

आणि हे जगभर याच कायद्याने झालं असं नाही. फ्रान्समध्ये नव-शापेलला ७ ऑक्टोबर १९२७ ला भारतीय सैनिकांचं स्मारक उघडलं, तिथे ४,७०० हून अधिक नावं व्यवस्थित कोरलेली आहेत. युरोपात पाहुणे येऊन बघणार म्हणून नावं, वाळवंटात कोण बघतंय म्हणून संख्या, असं मला वाटतं. माझं मत कठोर असेल, पण दुसरं कारण मला पटत नाही. २०२१ मध्ये युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की निदान १ लाख १६ हजार जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही. त्यांत पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसं मुख्य.

या कमिशनच्या दगडांवरचे शब्द कुणी निवडले? इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगने. जन्म आपल्या मुंबईचा, जेजे स्कूलच्या आवारातला. त्याचा मुलगा जॉन १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. बापाने वर्षानुवर्षं शोधलं, त्याच्या हयातीत मुलाचा देह सापडल्याची खात्री झाली नाही. अनोळखी सैनिकाच्या थडग्यावर 'देवाला ठाऊक असलेला' असं कोरायचं त्याने ठरवलं. आणि सामुदायिक शिळेसाठी 'त्यांचे नाव सदैव जिवंत राहो' या अर्थाची बायबली परंपरेतली ओळ. ही दुसरी ओळ मी बसऱ्याच्या त्या आकड्यांशेजारी ठेवून बघतो आणि संताप येतो.

सिद्धार्थ_ठाणे

एक भर घालतो. साध्या शिपायांची नावं कोरलेला जुना दगड आपल्याकडे आहे. कोरेगाव भीमाचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावं त्यावर आहेत, आणि त्यांतली कितीतरी नावं 'नाक'ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथे गेले. तो दगड कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला हे मान्यच. पण ज्यांना गावात हाक मारतानाही नावाची मोडतोड करायचे, त्यांचं नाव तिथे दगडावर आलं. लोक लाखोंनी जातात ते ती नावं आहेत म्हणून. नावाची ताकद काय असते याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही. लढाईच्या राजकारणावर वेगळा धागा काढू, इथे नको.

दगडमाती

सिद्धार्थ, बरोबर. मी त्याच्याही मागे जातो. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड.

गावाबाहेर, महादेवाच्या देवळामागे, पिंपळाच्या पारावर, हिंडलात की सापडतातच. खालच्या चौकटीत लढाई, कधी गायी दाखवलेल्या, म्हणजे गोधन सोडवताना पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर. बोरिवलीच्या एकसरला तर समुद्रातल्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्हेकऱ्यांच्या रांगा कोरलेल्या जहाजांचे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. पण मला ते बसऱ्याच्या आकड्यासारखे वाटत नाहीत. कारण दगड त्याच्याच गावात आहे. घडवणाऱ्याला, शेंदूर लावणाऱ्याला तो कोण हे माहीत होतं, लिहायची गरजच नव्हती. दहा पिढ्यांनी विसर पडला, तरी कुणीतरी अजून त्याला तेल घालतं, 'आमचा वीर' म्हणतं. अनाम असणं दोन तऱ्हांचं असतं. एकात ओळखणारे होते म्हणून नाव लिहिलं नाही, दुसऱ्यात ओळखायची इच्छाच नव्हती म्हणून. सुभेदारसाहेब म्हणतात ती मोकळी जागा पहिल्या तऱ्हेची आहे, असं मला वाटतं.

निवृत्त_सुभेदार

दगडमाती, मला म्हणायचं होतं ते तुम्ही नीट मांडलं. बसऱ्याचं ऐकून मात्र वाईट वाटलं. हे पलटणीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एक चांगलीही बातमी सांगतो. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं खोरं. त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गन उलटी धरून दस्त्याने मारलं. नंतर स्नायपरची गोळी लागली. वय २२. २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे. ऐंशी वर्षांनी परक्या गावाने नाव कोरलं, आणि ओळ अशी निवडली की तिथे लढलेल्या कुठल्याही बाजूच्या माणसाला लागू व्हावी. मला ही ओळ कोहिमापेक्षा आवडली.

आक्का_पुरंदर

धागा सकाळपासून वाचतेय, चुलीवर दूध ठेवून दोनदा उतू गेलं.

पुरुषांनी पोवाडे केले, बायकांनी ओव्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ येतो, लेक येतो, नावानिशी येतो. ओवीत नाव घ्यायची बाईला चोरी नसते. म्हणून मेघनाच्या पाटीवरून मला ओव्या सुचल्या. जुन्या नाहीत, कुणाच्या ऐकलेल्या नाहीत, आज मी रचल्या. गोड मानून घ्या.

पहिली माझी ओवी, चावडीच्या दगडाला
आकडा कोरला, नाव नाही गं लेकाला

दुसरी माझी ओवी, बसऱ्याच्या वाळूला
पाणी कुणी पाजलं माझ्या तान्हेल्या बाळाला

तिसरी माझी ओवी, टपालाच्या शिपायाला
कागद वाचू नको, दळण राहिलं जात्याला

चौथी माझी ओवी, नाव घेते मी मोठ्यानं
म्हादू माझा म्हादू, आळी ऐकू दे कानानं

रेवती_कोल्हापूर

आक्का, तिसरी ओवी. मी काकूंना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी परत म्हणायला लावली आणि लिहून घेतली.

अनिकेत_ग्रंथघर

आक्का, "कागद वाचू नको" यात ओवेनच्या आईची तार आहे. मला हवी होती ती कविता इथेच मिळाली. रेवतीताईंना हवी होती तीही हीच, असं वाटतं.

पोवाडाप्रेमी

चौथी ओवी जात्यावर म्हणून बघितली पाहिजे. 'म्हादू माझा म्हादू' दोनदा येतं तिथे खुंट्याला जोर लागतो.

मेघना_वाई

काय बोलू. आक्का, परवानगी दिलीत तर या ओव्या आमच्या पाटीशेजारी फलकावर लावायची गावाला विनंती करते, तुमच्या नावासकट.

दुसरं म्हणजे, बंदरावरचा आणि वृंदा यांच्यामुळे कामाला लागावंसं वाटतंय. ज्यांच्या गावात अशी पाटी आहे त्यांनी इथे गाव, तालुका, पाटीवरचे दोन्ही आकडे आणि पाटी कुठल्या भिंतीत आहे एवढं लिहा. फोटो असेल तर उत्तम. नावं शोधायची कशी, हे कुणी सांगेल का?

वृंदा_ससेक्स

सांगते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्जच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. दगडावर नाव नसलं तरी बऱ्याच जणांची कागदोपत्री नोंद तिथे चढवलेली आहे. आडनावाने शोधू नका, निम्म्या वेळा आडनाव नसतंच, फक्त पहिलं नाव आणि बापाचं नाव असतं. पलटणीचं नाव आणि देश भारत असं निवडा, आणि मग 'अधिक माहिती' या रकान्यात गाव-जिल्हा दिसतो का बघा. कित्येकदा 'अमुकचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असं असतं, कधी बायकोचं नावही असतं. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं केलेलं. रायगड त्या काळी कुलाबा होता, तेव्हा तेही टाकून बघा. गावाचं नाव तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहिल्याशिवाय सोडू नका.

बंदरावरचा

आणि खलाशांना विसरू नका. रत्नागिरी आणि रायगडातली किती माणसं बोटीवर बॉयलरखोलीत कोळसा ओढताना टॉर्पेडोने बुडाली. त्यांचं स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरला खलाशांच्या सेलर्स होममध्ये. आमच्या कोकणातल्या मुसलमान गावांतली कितीतरी घरं त्या यादीत सापडतील. मी पुढच्या रजेत जाऊन बघणार आहे.

निवृत्त_सुभेदार

१९४७ नंतरच्या जवानांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर एकेक नाव विटेवर आहे. तिथे शोधता येतं. त्याच्या आधीच्या माणसाचं काही हवं असेल तर आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घरात जुनं पेन्शन बुक, मेडल, डिस्चार्ज कागद काही असेल तर बघा. मेडलच्या कडेला नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, भिंग लावून वाचा. नंबर मिळाला की बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला मराठीत पत्र लिहिलं तरी चालतं. मेघनाताई, अपशिंग्यात माझे दोन जुने साथी आहेत. त्यांना आजच फोन करतो.